टाके संपल्यावर

टाकेवाली हे नाव तिला ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरनं ठेवलं. बाकीचे शिकाऊ डॉक्टर मोतीबिंदूवर तुटून पडायचे. पडणारच! भिंग बसवा, सकाळी पट्टी काढा, पेशंट म्हणणार देव भेटला, आणि चालू लागणार. ही मात्र कॉर्नियाच्या मागं हात धुऊन लागलेली. कॉर्निया म्हणजे डोळ्यावरचा काचेसारखा पडदा. मेलेल्या माणसाचा काढून जिवंत माणसाला शिवायचा, केसाहून बारीक दोऱ्यानं, आणि मग महिनोन्‌महिने एकेक टाका काढत बसायचं. सिस्टर म्हणायची, "अगं, यापेक्षा गोधड्या शिव, लवकर होतील."

आता शिक्षण संपलं होतं आणि फेलोशिप, म्हणजे पुढच्या खास प्रशिक्षणाची जागा, निवडायची होती. याच दवाखान्यात मोतीबिंदूची जागा होती. कॉर्निया आणि मोतीबिंदू दोन्ही शिकवणारी जागा पार दूरच्या शहरात. सरांना आज दुपारपर्यंत कळवायचं होतं. आईनं भावाच्या घरून फोनवर निकाल देऊन टाकला, "मोतीबिंदू घे बाई. म्हातारी माणसं काय जगात कमी पडणार आहेत?" मग मागं नातवंडांनी आरडाओरडा केला आणि फोन बंद झाला. तो नेहमी असाच बंद व्हायचा.

बरोबरीच्या मैत्रिणी लग्न करून पांगल्या होत्या. भाड्याच्या खोलीत रविवारी तिचं तोंड उघडायचं ते फक्त दूधवाल्याशी. म्हणूनच तिला कॉर्निया हवा होता, पण हे सांगणार कुणाला? मोतीबिंदूचा पेशंट बरा झाला की पुन्हा तोंड दाखवत नाही. कॉर्नियाचा येत राहतो. तिला येत राहणारी माणसं हवी होती.

त्यातले एक सुतारकाका. लाकडाची ढलपी उडून त्यांचा डोळा गेला होता. सरांच्या देखरेखीखाली तिनं स्वतः शिवलेला तो पहिला पडदा. बायको गेलेली, मुलगा परगावी. टाका काढायला आले की आधी तिलाच तपासायचे. "वाळलीस गं! जेवतेस की नुसतीच औषधं लिहितेस?" तिचं डुगडुगणारं स्टूल त्यांनी न विचारता ठोकून दिलं होतं.

आज ते डोळा चोळत आले. "टोचतंय. टाका सैल झालाय बघ."

तिनं त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवून घेतली, उजेड लावून बघितलं. पडदा लख्ख. शेवटचा टाका तिनं गेल्याच महिन्यात काढला होता.

"काका, टाका उरलेलाच नाही."

"नाही कसा? डोळा माझा की तुझा?" काकांनी वर आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा! तिला हसू आलं. मग नजर त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे गेली. दोन बस बदलून हा माणूस तिला भेटायला आला होता.

"थांबा, नीट बघते," असं म्हणून तिनं पुन्हा उजेड लावला.

तेवढ्यात सरांनी दारातून डोकं आत घातलं. "काय ठरलं? इथलीच जागा ना?"

"नाही सर. कॉर्निया."

"अगं, तिथं तुझं ओळखीचं काळं कुत्रं नाही."

"इथं तरी माझं कोण आहे?" ती बोलून गेली.

सर मान हलवत निघून गेले. काकांची हनुवटी अजून यंत्रावरच होती. तिच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. "काका, मला तसं..."

काकांनी हळूच मान मागं घेतली, पिशवी उचलली. "जा बाई, चांगलं शिक. आता तुझे पेशंट खोळंबलेत." बाहेर मोतीबिंदूची एक म्हातारी भिंत चाचपत उभी होती. काकांनी तिचा हात धरून तिला आत आणलं, ठोकलेल्या स्टुलाशेजारच्या खुर्चीत बसवलं आणि मागं न बघता निघून गेले.

"हनुवटी टेकवा, आजी," ती म्हणाली. आजीनं विचारलं, "कोण गं ते? तुझे वडील का?"