थोडं अवघड आहे

आमच्या खराडीच्या ऑफिसात ती आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. जपानची. सिनेमात जे घडलेलंच नसतं ते कॉम्प्युटरवर घडवून दाखवायचं, हे आमचं काम. मी दोऱ्या पुसते. हिरो दोऱ्यांना लटकून उडी मारतो, त्या दोऱ्या एकेका चित्रातून मी काढून टाकते. ती पाणी करायची. तेव्हा हातात होता त्या सिनेमात पूर होता, गढूळ, पुलाला थडकणारा. चार महिने तिनं तो एकटीनं केला. त्यापायी सुट्टीच्या दिवशी नदीपात्रापाशी जाऊन तासन्‌तास पाणी बघत उभी राहायची. आपण तिथून नाकाला रुमाल लावून जातो.

मला ती 'ताईसान' म्हणायची. ताई आम्ही शिकवलं, आदराचं 'सान' तिनं पदरचं जोडलं. मी मूळची लोणी काळभोरची. पहिल्या दिवशी ती माझ्या दर वाक्याला 'हाय, हाय' करायला लागली, तेव्हा मी म्हटलं, अगं, आमच्या गावात हाय म्हणजे आहे. ती पोट धरून हसली. मग तिनं सांगितलं, त्यांच्यात हाय म्हणजे हो, पण मोठं माणूस बोलत असताना म्हटलं तर नुसतं 'ऐकतेय'. आपण हं हं करतो तसं. आणि मोठ्यांना तोंडावर नाही म्हणायचं नसतं. 'थोडं अवघड आहे' एवढंच म्हणायचं, समोरचा समजून घेतो. मी म्हटलं, बाई गं, पुण्यात नाही म्हणायचं तर लोक दारावर पाटी लावतात.

सिनेमाच्या शेवटी नावं सरकतात ना, त्यात आमच्या ऑफिसच्या वाट्याला दहा नावं आली. माणसं आम्ही चाळीस. पहिल्या यादीत आम्ही दोघी होतो. तिची इथल्या कामाची मुदत संपत आली होती, आणि परत गेल्यावर नव्या नोकरीसाठी तिला पहिला प्रश्न एकच विचारणार होते : कुठल्या सिनेमात तुझं नाव आहे?

आमच्या सरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. सर शनिवार पेठेतले, बोलणं मधाळ. इंग्रजीत तिला म्हणाले, आपण तर पुढच्या महिन्यात जाणार. हाय. इथल्या मुलांना संधी द्यायला हवी. हाय. तर आपलं नाव या वेळी वगळावं म्हणतो, आपली हरकत नसावी. हाय. मग तिनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "थोडं अवघड आहे."

"सोपं काय असतं हो आयुष्यात?" सर हसले. झालं, मीटिंग संपली.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, सरांना नाही म्हणताना छाती धडधडत होती, पण म्हटलं एकदाचं. चेहरा असा मोकळा झालेला.

दुपारी ईमेल आला. 'त्यांच्या संमतीने' तिचं नाव वगळलं होतं. तिच्या जागी सरांचा भाचा. चार महिन्यांत त्यानं चहा मागवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच आत शिरले.

"सर, ती नाही म्हणाली होती."

"असं? मला तर तीनदा हो ऐकू आलं."

"ते हो नव्हतं. आणि अवघड आहे म्हणजे त्यांच्यात चक्क नाही."

"जपानी कधी शिकलात आपण?" सरांनी चष्मा पुसला. "हे बघा, भाचा राहणार. आपलं नाव काढतो, तिचं घालतो. चालेल?"

दहा वर्षं दोऱ्या पुसतेय मी. पहिल्यांदा नाव येणार होतं. आईनं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं. अहो, एक 'हो' म्हणायचं होतं, दातखीळ बसली माझी. सर परत स्क्रीनकडे वळले.

त्या माणसाचा मला आजही संताप येतो. वागतो असा आणि वर आम्हाला अहो-जाहो करतो. माझाही येतो. कारण तिला ती जाईपर्यंत मी काही सांगितलं नाही. ईमेल आला होता तो फक्त आम्हा इथल्यांना, तिला नाही. ती सगळ्यांसमोर वाकून, आभार मानून गेली.

सिनेमा तिकडेही लागला. तिनं मला थिएटरातून फोटो पाठवला, पडद्यावर माझं नाव. खाली लिहिलं होतं : 'अभिनंदन. आईबाबांना घेऊन आले होते, त्यांना तुमचं नाव दाखवलं. माझं मात्र भरकन गेलं बहुतेक, आम्हा तिघांनाही दिसलं नाही. उद्या पुन्हा येऊन बघू.'