साहेबांनी नारळावर हात ठेवला

आमच्या सोसायटीची सत्यनारायणाची पूजा दर वर्षी जूनमध्ये व्हायची. गावी गेलेली माणसं तोवर परत आलेली असत. २००३ साली मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि भाईंदरमधल्या नवघरच्या आमच्या बिल्डिंगला नळाची नवी लाइन मिळावी म्हणून खटपट करत होतो. एक दिवसाआड टँकर यायचा, त्यावरून जिन्यात भांडणं व्हायची. म्हणून पूजेला मी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला बोलावलं. त्यांना सगळे साहेबच म्हणायचे.

ताई माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. मोठी बहीण. भावोजी गेल्यावर मीच तिला गिरगावातून इथं आणलं होतं. तिचं सासर महाडच्या बाजूचं, घरटी एक माणूस फौजेत असलेलं गाव. तिचा एकुलता एक मुलगाही बारावी झाल्यावर भरती झाला होता आणि तेव्हा पंजाबात होता. भरतीला त्याला घेऊन मीच गेलो होतो. ताई तयार नव्हती. मी तिला म्हटलं होतं, "अगं, आता कुठं लढाया होतात? पंधरा वर्षं करेल आणि पेन्शन घेऊन येईल."

त्या जूनमध्ये पेपरात रोज एकच विषय होता. अमेरिकेनं इराकसाठी आपल्याकडे सैन्य मागितलं होतं आणि दिल्लीत खल चालला होता. कुणी म्हणे पाठवणार, कुणी म्हणे नाही. ताईच्या आजेसासऱ्यांचे भाऊ गोऱ्यांच्या फौजेतून बसऱ्याला गेले होते. दिवाळीला घरी आणू असं साहेब लोकांनी गावात येऊन सांगितलं होतं. ते परत आले नाहीत. सासरी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली जायची की बसरा म्हणजे ताईला पलीकडच्या तालुक्यातलं गाव वाटायचं. ते इराकमध्येच आहे हे तिला टीव्हीवरून कळलं आणि तिची झोप उडाली.

पूजेच्या दिवशी साहेब आले, तीर्थप्रसाद झाला, आणि कुणी न सांगताच त्यांनी माइक हातात घेतला. पाण्यावरून बोलता बोलता ते इराकवर गेले. "त्या वाळवंटात आपल्या भाईंदरचा एकही पोरगा जाणार नाही, हा माझा शब्द आहे!"

तळमजल्यावरचे गुजराती काका मागून ओरडले, "साहेब, पहले पानी तो भेजो, फौज बाद में रोकना!"

सगळे हसले, साहेबही हसले. तेवढ्यात ताई उठली. तिनं पूजेतला नारळ उचलला आणि थेट साहेबांसमोर धरला.

"साहेब, देवासमोर यावर हात ठेवून बोला. माझा मुलगा परदेशात लढायला जाणार नाही म्हणून."

तिच्या सासरी ही रीत आहे. बांधाचं भांडण असो की सोयरीक, देवासमोर नारळावर हात ठेवून जो बोलला, त्याला मागे फिरता येत नाही. हे साहेबांना ठाऊक नव्हतं, मला होतं.

साहेब गोंधळले. मी प्रसादाच्या द्रोणांचा ट्रे घेऊन त्यांच्या बाजूलाच उभा होतो. त्यांनी हळूच मला विचारलं, "काय सेक्रेटरी, बोलू का?"

मी म्हणालो, "बोला ना साहेब. आपलं काय जातंय?"

त्यांनी हात ठेवला आणि ताई म्हणाली तसंच बोलले. टाळ्या पडल्या. ताईनं तो नारळ लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यावर टांगला.

मी असं का म्हणालो याचा पुढं पुष्कळ विचार केला. ताईला एक रात्र तरी झोप लागावी असं मला वाटत होतं, हे खरं. पाण्याचा अर्ज पुढं सरकायचा होता, साहेबांचा चारचौघांत पचका व्हायला नको होता, हेही खरं. यातलं कुठलं आधी मनात आलं ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

जुलैमध्ये सरकारनं जाहीर केलं की इराकला सैन्य पाठवणार नाही. ताईनं बिल्डिंगभर पेढे वाटले. साहेबांच्या ऑफिसात जाऊन तिनं त्यांना नमस्कारसुद्धा केला आणि त्यांनी तो घेतला. मी शेजारी उभा होतो. आम्हाला नळाची लाइनही मिळाली.

पुढच्या वर्षाच्या शेवटी भाच्याचा फोन आला. त्याची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोला निघाली होती. आवाजात उत्साह होता. "मामा, आईला तुम्हीच सांगा हां. मला रडायला लावेल ती."

मी सांगितलं. ताई रडली नाही. तिनं देव्हाऱ्यावरचा नारळ सोडवला आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असणार. सोवळं नीट झालं नसेल."

हे मला ऐकवेना. दोन दिवस मी वर गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ती त्याच्यासाठी बेसनाचे लाडू डब्यात भरत होती. तो जाण्याआधी रजेवर येणार होता.

मी म्हणालो, "ताई, तुझं काही चुकलं नाही. साहेबांच्या हातात काहीच नव्हतं. मीच त्यांना बोला म्हणालो होतो."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"अरे, दोन हातांवर तर होते मी. तू 'बोला' म्हणालास तेवढं ऐकलं की. म्हणून तर बांधून ठेवला नारळ. त्या साहेबाला मी कुठं ओळखते? तू ऑफिसात जातोस, पेपर वाचतोस. मला वाटलं, तुला आतलं काहीतरी कळलं असेल."

"मला काहीच कळलं नव्हतं."

लाडू भरता भरता तिचा हात थांबला. "मग तेव्हाच सांगायचंस ना तसं. घाबरले असते, पण तुझ्यासोबत घाबरले असते. दीड वर्ष मी एकटीच हसत होते की रे."

तिनं डब्याचं झाकण लावलं आणि तो माझ्याकडे सरकवला. "घट्ट बसत नाही, बघ जरा."

भाचा मुदत संपवून सुखरूप परत आला, हे आत्ताच सांगून टाकतो. उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. पण तो तिकडे असताना रविवारी त्याचा फोन यायचा आणि मी वर जाऊन ताईजवळ बसायचो. एका रविवारी फोन आला नाही. टीव्हीवर तिकडे चकमक झाल्याची एक ओळ सरकून गेली होती. ती आम्ही दोघांनीही वाचली होती.

"बरा असेल ना रे तो?" ताईनं विचारलं.

हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी. "ठाऊक नाही, ताई," म्हणालो. "मलाही भीती वाटतेय."

तिनं मान हलवली, टीव्ही बंद केला आणि सोफ्यावर माझ्या बाजूला येऊन बसली. अंधार पडला तरी आम्हा दोघांपैकी कुणी दिवा लावायला उठलं नाही.