अशी कोणी इथे राहत नाही

मी चेकर आहे. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात बावीस वर्षं तेच काम करतेय. शिवून आलेली पँट उलटी करायची, शिलाई ओढून बघायची, चेन वरखाली करायची, लोंबते धागे कापायचे. बहुतेक पँटी चांगल्याच असतात, पण मला पगार मिळतो तो वाईट शोधायचा. मग घरी आल्यावरही तेच चालतं. भाजीवाल्याने मेथीची जुडी स्वस्त दिली तरी मी ती तिथेच सोडून आत बघते.

त्यामुळे मुलगी जेव्हा म्हणाली, "आई, अंबरनाथला सॉफ्टवेअरची कंपनी आलीय आणि त्यांना फक्त इकडचीच मुलं पाहिजेत," तेव्हा माझे कान टवकारले.

"इकडची म्हणजे?"

"उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. अर्ध्या तासात ऑफिसला पोचतील अशी."

"का? मुंबईतली संपली का?"

ती हसली. पण मला हसू येत नव्हतं. तिचा बाप गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती इंजिनियर झाली, ऐरोलीला नोकरीला लागली, आणि रोजच्या लोकलच्या धक्क्यांनी दोन वर्षांत पंचविशीच्या पोरीच्या कमरेला पट्टा आला. वर आता तिच्या कंपनीने सांगितलं होतं, तुमचं सगळं खातं हैदराबादला हलवतोय, येणार की नाही ते महिनाअखेर कळवा. म्हणजे एकतर हैदराबाद, नाहीतर हे अंबरनाथ. मला ती घरात पाहिजे होती, हे मी कशाला लपवू? पण म्हणून काय डोळे मिटून उडी मारायची?

"अंबरनाथवाल्यांचे साहेब म्हणाले, या पट्ट्यात हुशार मुलं भरपूर आहेत, पण रोजचे चार तास नुसते येण्याजाण्यात जातात. इथेच ऑफिस काढलं तर ते चार तास वाचतील."

"आणि ते वाचलेले तास कोण घेणार?"

"आपणच, आई! घरी यायचं लवकर."

झालं. म्हणजे पाणी नक्कीच कुठेतरी मुरत होतं. आजवर कुठल्या शेठने कामगाराला वेळ परत दिलाय?

माझं माहेर इथलंच, अंबरनाथजवळच्या पालेगावचं. लहानपणी तिथे आमची भातशेती होती. मग गाडीतून माणसं यायला लागली. काय ती हवा, काय तो डोंगर, काय लोकेशन! माझ्या भावाला तर आपण स्वर्गातच राहतोय असं वाटायला लागलं. आज त्या स्वर्गावर टॉवर उभे आहेत आणि भाऊ त्यातल्याच एकाच्या गेटवर वॉचमन आहे. तेव्हापासून कोणी आमच्या भागाचं कौतुक करायला लागलं की मी आधी त्याचे हात बघते. पूर्वी जमिनीचं कौतुक केलं, आता पोरांचं करतायत.

शुक्रवारी आमचा कारखाना बंद असतो. रिक्षा केली आणि गेले एमआयडीसीत. पत्त्यावर जुना रंगाचा कारखाना. बंद पडल्याला बरीच वर्षं झाली असतील. आता त्याला काचा लावल्या होत्या, कुंड्या ठेवल्या होत्या. मला कुंड्यांचा राग आला. फसवायला आलेला माणूस पहिल्यांदा कुंड्याच आणतो.

"आत खरंच कोणी काम करतं का हो?" मी वॉचमनला विचारलं.

"मग काय बाहुल्या बसवल्यात?"

तेवढ्यात एक मुलगी चहाच्या टपरीकडे निघाली. बदलापूरची होती. तिला गाठून विचारलं, पगार वेळेवर होतो का गं? "होतो की काकू." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस.

मुलीचे तीन इंटरव्ह्यू झाले. तिसऱ्यानंतर नाचतच घरी आली. पास!

"डिपॉझिट किती मागितलं?"

"काहीच नाही."

"ट्रेनिंगचे?"

"नाही गं बाई!"

तेव्हा तर माझी खात्रीच पटली. हे साधे चोर नव्हते. यांना काहीतरी मोठं पाहिजे होतं.

पुढच्या शुक्रवारी मी चाळीच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. एक माणूस आला. डोक्यावर हेल्मेट तसंच, पाठीला बॅग, हातात मोबाइल. त्याने मुलीचं नाव वाचलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं.

"या इथेच राहतात ना?"

"का?"

"व्हेरिफिकेशन आहे."

"कसलं? कोणाचं?"

"कंपनीने आमच्या एजन्सीला काम दिलंय. आम्ही फक्त पत्ता बघतो, मॅडम. त्यांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. घराचा एक फोटो काढू?"

फोटो! माझ्या घराचा! आमच्या विठ्ठलवाडीच्या चाळीत एक रीत आहे. अनोळखी माणूस हातात कागद नाहीतर मोबाइल घेऊन आला आणि कोणाचं नाव विचारायला लागला, की सगळ्यांनी अडाणी व्हायचं. सर्व्हेवाला असो, पोलीस असो, नाहीतर लग्नाचं स्थळ बघायला आलेला असो. कागदवाल्याला उत्तर दिलं आणि कोणाचं भलं झालं, असं आम्ही तरी बघितलेलं नाही.

मी लसूण बाजूला ठेवला आणि त्याच्या डोळ्यात बघून म्हणाले, "अशी कोणी इथे राहत नाही."

त्याने शेजारच्या दारात विचारलं. शेजारीण माझ्याकडे बघून म्हणाली, "नाव पण नाय ऐकलं." ह्या बाईने माझ्या पोरीला मांडीवर खेळवलंय! समोरच्या म्हाताऱ्या काकांनी तर कानाला हात लावून आपण बहिरे असल्याचं दाखवलं. माणूस गेला. मग आम्ही सगळे हसलो. शेजारीण म्हणाली, "कसा पिटाळला!" आणि मला तेव्हा खरंच सगळ्यांचा अभिमान वाटला. मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, उगाच घाबरेल.

मंगळवारी तिला मेल आला. तिने पलंगावर बसून तो दोनदा वाचला. मग मोठ्याने वाचला. दिलेल्या पत्त्यावर आपण राहत नसल्याचे आढळले, सबब आपली निवड थांबवण्यात येत आहे.

म्हणजे तो हेल्मेटवाला खराच होता.

"बघितलंस?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक. "कोणी आलंच नसणार इथवर. घरी बसून रिपोर्ट लिहिला असेल मेल्याने. तू म्हणायचीस तेच खरं, आई. आपल्याकडे कोणी सरळ येतच नाही. जाऊदे. हैदराबादला हो कळवून टाकते."

तिने मोबाइल उचलला. मी गप्प बसले असते तर तिला कधीच कळलं नसतं. खरं सांगते, एक क्षण तो मोहही झाला. पण ती अगदी माझ्यासारखं बोलत होती. माझेच शब्द, ओठ मुडपायची तीच तऱ्हा. माझी पोर अशी बोलताना मला बघवेना.

"थांब," मी म्हणाले. "माणूस आला होता. मीच सांगितलं, तू इथे राहत नाहीस."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. उठून ओट्यावर गेली आणि कंपनीला फोन लावला. आतून मला तिचा पडलेला आवाज ऐकू येत होता. "मॅडम, माझी आई जरा… नाही, फसवलं नाही मी. प्लीज एकदा परत पाठवा."

गुरुवारी तोच माणूस परत आला. मी कारखान्यात खाडा करून सकाळपासून दारात उभी होते. रेशनकार्ड, लाइट बिल, तिचं दहावीचं सर्टिफिकेट, सगळं हातात. शेजारीण आणि काकाही तयार होते. काकांना आता स्वच्छ ऐकू येत होतं.

"राहते, राहते, इथेच राहते!" सगळे एकदम बोलायला लागले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. कारखान्यात मी पँटीकडे बघते ना, अगदी तसं. "मॅडम, शुक्रवारी तर नाही म्हणालात. आज एकदम सगळी चाळ ओळखते? मी कुठलं खरं मानू?"

दुसऱ्या कोणी माझ्याशी असं केलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला पक्कं माहीत होतं.

त्याने कागद काढला. "पहिल्या वेळी नाही का म्हणालात ते तुमच्या अक्षरात लिहा. खाली सही करा. हा त्यांच्या फाइलला लागेल."

मी पेन घेतलं. घाबरले होते लिहावं? फसवणूक वाटली लिहावं? दोन्ही खरंच होतं. पण माझ्या शब्दावर पोरीची नोकरी अडकली होती, तिथे अर्धवट लिहायची हिंमत होईना. मी लिहिलं: माझ्या मुलीला घ्यायला एवढी मोठी कंपनी आमच्या दारात येईल असं मला वाटलं नाही.

त्याने वाचलं. घराचा फोटो काढला आणि गेला.

नोकरी मिळाली तिला. पहिल्या दिवशी सहा वाजता घरी आली, चांगलं ऊन असताना. मी शिरा करून ठेवला होता. हातपाय धुऊन ती माझ्यासमोर बसली.

"आज सगळ्या कागदांवर सह्या घेतल्या," ती म्हणाली. "त्यात तुझा कागद होता. मी वाचला."

"मग?"

"मला इतके दिवस वाटत होतं, तुझा कंपनीवर संशय आहे." तिने ताटली पुढे ओढली. "तसं नव्हतं गं ते. तुझा माझ्यावरच विश्वास नव्हता."

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द काही निघाला नाही. ती शिरा खात होती आणि मी तिच्यासमोर बसून रडत होते.