काश्यप गोत्राचा स्ट्रायकर

शाळेच्या ऑफिसात हजेरीचं रजिस्टर असतं, डेड स्टॉकचं असतं, पण किश्शांचं नसतं. म्हणून ते नुसते साचत जातात आणि कुणी चहा पाजला की बाहेर पडतात. मी खामगावजवळच्या एका जिल्हा परिषद हायस्कुलात बाबू आहे. आमच्याकडचे निम्मे किस्से ज्या पोराचे आहेत, त्यानं खामगाव काय, भारतसुद्धा पाहिलेला नाही. तो इंग्लंडात फुटबॉल खेळतो!

तो आमच्यात आला पीटीच्या देवकर सरांमुळे. सरांच्या रिटायरमेंटला तेव्हा दोन वर्षं उरली होती. त्यांनी हेरलेला एकही खेळाडू विभागीय स्पर्धेच्या पुढे गेला नव्हता. कुणी पोलीस भरतीत लागला, कुणाला बापानं दुकानावर बसवलं. "रिटायर व्हायच्या आधी एक तं पोट्टा मोठा झालेला दिसू दे," असं ते नेहमी म्हणायचे.

एक दिवस त्यांनी स्टाफरूममध्ये मोबाईल पुढे केला. पडद्यावर तुराटीसारखा उंच, वाळका पोरगा पळत होता.

"बाबू, लिहून ठेवा. हा इंग्लंडकडून खेळन."

"नाव काय त्याचं?"

"नाव मले म्हनता येत नाही. पाय पाहा त्याचे."

तेव्हापासून त्याचं नाव 'पोट्टा'.

*

वर्षभरात सर पडलेल्या चेहऱ्यानं आले. पोट्ट्याच्या क्लबनं त्याला एका सीझनसाठी खालच्या डिव्हिजनच्या क्लबकडे पाठवलं होतं. नोकरी इकडची आणि खेळायचं तिकडे, हे काही कुणाच्या डोक्यात शिरेना.

मी इतक्या वर्षांत सर्व्हिस बुकंच भरली आहेत. मी म्हणालो, "अहो, ही तं प्रतिनियुक्ती झाली!"

झालं, अख्खी स्टाफरूम फुटबॉलतज्ज्ञ झाली. परत आल्यावर सीनियॉरिटी राहते का? त्यानं स्वतः विनंती अर्ज केला होता का? गणिताच्या तायडे मॅडमनी तर वही बाजूला सारली.

"मले दोन वर्षं असंच प्रतिनियुक्तीवर सोनाळ्याच्या शाळेत पाठोलं होतं. रडत गेली होती मी. पण शिकवाले शिकली ते तिथंच. जाऊ द्या त्याले."

मॅडम त्या दिवसापासून पोट्ट्याच्या बाजूनं. तो तिकडे गोलवर गोल मारायला लागला, तेव्हा "सांगितलं होतं ना मी" हे वाक्य आम्ही दर सोमवारी ऐकलं.

*

आणि मग त्याच्या मांडीचा स्नायू फाटला. सरांना दोन दिवस डबा गेला नाही.

संस्कृतचे जोशी सर सुट्टीच्या दिवशी पूजा सांगतात. त्यांना ते बघवेना. सोमवारी सकाळी शाळेआधी महादेवाच्या मंदिरात अभिषेक ठरला. आम्ही चौघं हात जोडून बसलो. जोशी सरांनी पळीत पाणी घेतलं आणि थांबले.

"यजमानाचं गोत्र?"

देवकर सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी तायडे मॅडमकडे.

"हरकत नाही," जोशी सर म्हणाले. "ज्याचं गोत्र माहीत नाही, त्याचं काश्यप. शास्त्रच आहे तसं."

अशा रीतीनं इंग्लंडचा पोट्टा काश्यप गोत्राचा झाला. अभिषेक यथासांग पार पडला. बाहेर चपला घालताना तायडे मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, आता याच्यासाठी काश्यप गोत्रातली पोरगी पाहता येत नाही बरं."

*

पोट्टा बरा होऊन मोठ्या क्लबात परत आला. पण एकाच अटीवर. सीझन संपेपर्यंत करार, स्वतःला सिद्ध केलं नाही तर रस्ता मोकळा. इकडे सर एप्रिलअखेर रिटायर होणार होते. दोघांचे दिवस सोबतच भरत आले होते. महिन्यांमागून महिने गेले, पण पोट्ट्याला एक गोल होईना.

शनिवारी सकाळची शाळा. संध्याकाळची मॅच असली की आम्ही संगणक कक्षात प्रोजेक्टर लावून बसायचो. जोशी सरांच्या लक्षात एक गोष्ट आली, पण त्यांच्या तोंडून ती निघेना. शेवटी देवकर सरच म्हणाले, "मी पडद्याकडे पाह्यलं की बॉल गोलच्या वरून जाते. खरं हाय ना?"

खात्री करायला सर पाठ फिरवून बसले. या वेळी बॉल गोलच्या खांबाला लागला.

"पाहा," सर म्हणाले. "फरक पडला."

त्या माणसानं पोट्ट्याची एकही मॅच चुकवली नव्हती. पुढच्या शनिवारी सर आपले आपण उठून शाळेच्या मैदानावर गेले. मला फार वाईट वाटलं, आणि थांबा म्हणायची माझी हिंमतही झाली नाही. खरं सांगतो, मलाही गोल हवा होता.

*

एप्रिलातला शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. बाहेर अजून झळा लागत होत्या. सर कडुनिंबाखाली इमारतीकडे पाठ करून उभे. आत शेवटची दहा मिनिटं उरली होती आणि पोट्ट्याला मैदानात उतरवलं. तायडे मॅडमनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला. उजवीकडून क्रॉस आला, पोट्टा दोघांच्या मधून उसळला आणि गोल!

आम्ही चपला न घालताच पळालो. जोशी सर सगळ्यात पुढे.

"ऑफसाइड?" देवकर सरांनी न वळता विचारलं.

"नाही सर."

"चेक केलं त्यायनं?"

"केलं. गोल देला."

सरांनी गळ्यातली शिटी काढून लांबलचक वाजवली आणि मग तिथेच मातीत बसून ढसाढसा रडले. आम्हीही रडलो, त्यात लाजायचं काय!

*

आठवडाभरात बातमी आली, क्लबनं करार वाढवला. "पोट्टा कायम झाला," असं म्हणत तायडे मॅडमनी पेढे वाटले.

महिनाअखेर सरांचा निरोप समारंभ झाला. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. शेवटी मी सरांना न सांगता तोच गोल प्रोजेक्टरवर लावला. मुख्याध्यापिका मॅडम माईकवर म्हणाल्या, "सर, तुम्ही हेरलेला पोट्टा. आज तुमच्या डोळ्यांनी पाहा."

दिवे मालवले, पडद्यावर क्रॉस आला. तेवढ्यात सर खुर्चीतून उठले. अंगावर शाल, हातात नारळ, तसेच व्हरांड्यात गेले आणि मागे दार लोटून घेतलं.

सगळ्या माना पडद्यावरून दाराकडे वळल्या. थोड्या वेळानं दाराआडून आवाज आला.

"बाबू, झाला का?"