सावद्याचा दुखणाईत कॉम्प्युटर

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची खोड मला लहानपणापासूनच. त्यामुळे नव्वदच्या दशकात, जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत असताना, सुट्टीच्या वेळी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचा जोडधंदा मी सुरू केला, तेव्हा आईने कपाळाला हात लावला. बाईमाणसाने पेचकस घेऊन परक्याच्या घरात फरशीवर बसकण मारायची, हे तिला काही पटेना. मला मात्र एका फेरीत दोन झाकणं उघडायला मिळत होती, कॉम्प्युटरचं आणि घराचं.

आणि घरंही एकेक अशी, की बघत राहावं. एका घरी कॉम्प्युटरला भरतकामाचा अभ्रा शिवलेला होता आणि चालू असतानाही तो काढायची सोय नव्हती. एका जिनिंगवाल्याच्या कॅबिनेटमधून मी ओंजळभर कापूस उपसला, तसा आतला पंखा पुन्हा फिरायला लागला. घरधनी माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी देवीच अंगात आणली होती. मी काही खुलासा केला नाही.

सावद्याचं काम मात्र मला पुरून उरलं. क्लासमधली माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथल्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. बी.कॉम. झाली होती आणि घरच्या कॉम्प्युटरवर गावातल्या प्रेससाठी लग्नपत्रिका जुळवून द्यायची. वडिलांना घरात सगळेच नाना म्हणायचे, म्हणून मीही नाना म्हणू लागले. होळीपर्यंत सगळं झकास चाललं होतं. ऊन तापायला लागलं आणि कॉम्प्युटर बिघडला. कधी सुरूच व्हायचा नाही, कधी अर्धी पत्रिका झाल्यावर जागच्या जागी थिजायचा. ऐन लग्नसराईत प्रेसवाला काम भुसावळला हलवायची भाषा करू लागला.

त्यातच तिला एक स्थळ सांगून आलं. नानांनी त्या लोकांना आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, थांबायला सांगितलं. तोवर कॉम्प्युटर धड चालला, तर पोरगी आणखी काही वर्षं घरी राहून काम करेल. नाही चालला, तर मशीन विकायचं आणि त्यांना बघायला बोलवायचं. हे तिनेच मला सांगितलं. लग्नाला तिची ना नव्हती, पण इतक्यात नको होतं. पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं जमायला लागलं होतं. आणि नानांना हा कॉम्प्युटर एकदाचा घराबाहेर गेलेला हवा आहे, अशी तिची पक्की समजूत होती.

मी सावद्याला गेले ती भर दुपारी. उन्हातून आलेल्या पाहुण्याला कूलरसमोर बसवायचं, ही आमच्याकडची रीत. घरात कूलर एकच असला तर घरची माणसं घाम पुसत बाजूला बसतात. नानांनी मला पाहिलं आणि तो जड लोखंडी कूलर खरडत माझ्याकडे वळवला. वाळ्याचा गार वास सुटला, मुलीच्या आईने, म्हणजे काकूंनी, पन्हं दिलं. मी बटण दाबलं. कॉम्प्युटर आधी थोडा कुरकुरला, मग सुरू झाला आणि मी निघेपर्यंत शहाण्यासारखा चालला. दुसऱ्या दिवशी क्लासवर फोन आला, की पुन्हा बंद.

मग मी कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीने जळगावला आणलं. मागच्या जाळीवर पांढरट पूड जमली होती. भिंतीचा चुना असेल, म्हणून पुसून टाकली. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. जळगावात बिघाडाचं नाव नाही. सावद्याला नेऊन ठेवला की काही दिवसांत परत तेच. मी विजेचा दाब तपासला, अर्थिंग पाहिलं, उंदरांच्या वाटा शोधल्या. मी समोर असले की ठणठणीत आणि पाठ वळली की आजारी, हे कोडं मला झोपू देईना. खरं सांगते, रागही येऊ लागला होता. शेवटी मनात आलं, की नानाच तर मागून काही करत नसतील?

आखाजी जवळ आली होती. त्या दिवशीही कॉम्प्युटर माझ्यासमोर मुकाट चालला आणि मी हात हलवत निघाले. स्टँडवर आल्यावर लक्षात आलं, पेचकस तिथेच राहिला. परत गेले, तर दार उघडंच होतं. काकू कोपऱ्यात पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या होत्या. कूलर कॉम्प्युटरच्या पाठीला अगदी चिकटवून लावला होता आणि नाना विहिरीच्या पाण्याची कळशी त्यात रिकामी करत होते. जाळीवर बारीक तुषार उडत होते.

हे कधीपासून, म्हणून मी विचारलं. नाना म्हणाले, होळीपासून, रोज. हे मशीन एसीत ठेवावं लागतं, असं घेताना कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. एसी कुठून आणणार, म्हणून घरातला कूलर त्याला दिला. घरच्यांचं काय, पुठ्ठ्यावर भागतं.

"पाव्हना आला म्हंजे तेवढ्यापुरता त्याच्याकडे फिरवतो," ते म्हणाले. "पाव्हन्याले घामात कसं बसवनार?"

मला आधी हसू फुटलं, मग एकदम सगळं कळलं. ती पांढरी पूड चुन्याची नव्हती, विहिरीच्या खारट पाण्याची होती. दमट वारा आणि तुषार रोज आत जात होते आणि मी येऊन बसले की थांबत होते. मुलगीही आतून बाहेर आली होती. तिला कूलर रोजच दिसत होता, पण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटलं नव्हतं. मी दोघांना समजावलं, की याला गारवा नको, कोरडी जागा हवी. साधा पंखा पुरे.

"म्हंजे मीच त्याले आजारी पाडलं?" नानांनी विचारलं.

गुळमुळीत बोलणं मला जमत नाही. मी हो म्हटलं.

मुलगी नानांकडे बघत राहिली. विकताना चांगली किंमत यावी म्हणून ते मशीनला एवढं जपतात असं तिला वाटत होतं, तसं ती सरळ बोलूनही गेली. नानांनी कळशी खाली ठेवली. "तूच म्हने ना, हे चाललं तं तू अठीच राहशीन," ते म्हणाले. "मंग मी काय त्याले मरू देऊ?"

ज्या माणसावर मी मनातल्या मनात आळ घेतला होता, त्याच्याकडे बघवेना.

टेबल आतल्या खोलीत कोरड्या भिंतीशी हलवलं. आखाजीच्या आदल्या दिवशी मी तपासायला गेले, तेव्हा कॉम्प्युटर विनातक्रार चालत होता आणि पत्रिकांचं काम वेळेत गेलं होतं. नाना पहिल्यांदाच खुर्ची ओढून मुलीच्या शेजारी बसले आणि स्थळाकडच्यांना द्यायचं पत्र सांगू लागले. कारण काय लिहू, असं तिने विचारलं. पोरगी सध्या कामात आहे असं लिही, ते म्हणाले. तिने ते लिहिलं. प्रिंटर करकरत चालला. नानांनी कागद हातात घेऊन सावकाश वाचला आणि तिला आणखी एक प्रत काढायला सांगितली, घरात ठेवायला.