झाडापलीकडची बाजू

काजवाल्याला सगळे काजवालाच म्हणत. कोट बेतणारे वेगळे, शिवणारे वेगळे. हा फक्त बटणांची काजं करायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती आणि पोपडे आलेली ती भिंत हातभर अंतरावर. उभं आयुष्य त्याने तिच्याकडे बघत, दाताने दोरा तोडत काढलं.

थंडी सरून पालवी फुटली रे फुटली, की बायको त्याला दर सुट्टीला गावाबाहेरच्या रानात ओढून न्यायची. तिथे दोघांच्या कवेत मावणार नाही असं एक जुनं झाड होतं. हा पायवाटेच्या बाजूने खोडाला पाठ टेकून बसायचा, ती पलीकडून. बोलायचं नाही, नुसतं बघायचं, आणि घरी जेवताना आपापल्या बाजूचं सांगायचं. नियम तिनेच घातला होता. "वाकून बघाल तर आठवडाभर भांडी तुमच्याकडे!" भांडी म्हटल्यावर याची काय बिशाद!

त्याच्या बाजूला दरी उतरत गेली होती. कोवळी पोपटी पानं, त्यांतून हलणारं ऊन, खाली पाण्याचा पट्टा, लांब निळे डोंगर. सुरुवातीला एवढं लांब बघून त्याचे डोळे दुखायचे, मग हळूहळू निवायचे. पण तिचं ऐकलं की त्याला आपली बाजू सपक वाटे. तिच्याकडे पांढऱ्या फुलांचा उतार होता, एक वाकडं झाड होतं आणि त्याच्या ढोलीत पाखरांचं जोडपं.

"आज नराने काडी आणली, स्वतःच पाडली आणि खेकसला मात्र तिच्यावर," ती वाढता वाढता सांगायची. "कुणावर गेलाय कोण जाणे!"

"चांगली बाजू स्वतःला ठेवलीस," तो म्हणायचा. "एकदा तरी जागा बदल की. लबाड आहेस."

"आहेच मुळी." तिच्या केसांत काटक्या अडकलेल्या असायच्या, कोपरावर ओरखडे. बसायला गेली होतीस की मारामारीला, असं तो चिडवायचा.

या हिवाळ्यात ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. रिकामं घर त्याने कसंबसं सोसलं, पण पालवी फुटली आणि त्याचा जीव कासावीस झाला. ते जोडपं परत आलं असेल का? गेल्या वर्षी पिल्लं उडाली, इथवर तिने सांगितलं होतं. पुढचं आता कोण सांगणार? ती पाखरं दिसली तर तिचं काहीतरी अजून चालू आहे, असं त्याला वाटत होतं. तेवढ्यावरच तो तग धरून होता.

"बाबा, मी येते सोबत," लेक म्हणाली.

"नको गं. तिथे दोघांपुरतीच जागा आहे."

रानात आधी तो आपल्याच बाजूला बसला. बराच वेळ बसला. मग "घासीन मी भांडी," असं मोठ्याने म्हणाला, गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि खोडाला वळसा घालून गेला.

पलीकडे काही नव्हतं. हातभर अंतरावर, पायवाटेवरून खोडाआड लपणारी, काटेरी झुडपांची उंच, गच्च भिंत होती. जुनी, बुंध्याशी मनगटाएवढी जाड झालेली. उतार नाही, वाकडं झाड नाही, पाखरं तर नाहीतच. मुळांच्या बेचक्यातली माती तेवढी दबून गुळगुळीत झाली होती, एका माणसाच्या बसण्यापुरती.

आठवडाभर भिंत बघणाऱ्या नवऱ्याला तिने दरी दिली होती आणि भिंत स्वतःकडे घेतली होती. त्याला संशय येऊ नये म्हणून वर ती पाखरं रचली होती. आणि तो तिला लबाड म्हणत आला होता! काजवाला त्या काट्यांसमोर ढसाढसा रडला.

रडून झाल्यावर तो तिच्या जागेवर बसला आणि तिने बघितलं असेल तेच बघू लागला. काट्याच्या बगलेतून एक पान उलगडत होतं, अजून ओलसर, घडी पुरती न मोडलेलं. एक गोगलगाय काटे चुकवत चुकवत फांदी चढत होती. ती शेंड्याला पोचेपर्यंत ऊन कलायला आलं.

"आता तिकडची जागा तुझी," तो पाठीमागे न वळता म्हणाला. "निवांत बघ. आणि घरी आल्यावर मला सांग."

पलीकडे वाकून बघायचं मात्र त्याने टाळलं.