बायकोच्या दुरुस्त्या कोण खाऊन राह्यलं

आमच्या केनवडातलं नेट इतकं जोरदार, की पाठवलेली फाइल आधी रिसोडला थांबून चहा पिते, मग पुढं निघते. त्याच नेटवर बायकोची घरबसल्या नोकरीची चाचणी चालू होती. काम पॅकेजिंगचं. सॉफ्टवेअरचा मूळ कोड दाबून बांधलेल्या एका फाइलीत येतो. तो उलगडायचा, जुळवायचा आणि कुणालाही आपल्या कॉम्प्युटरवर सहज बसवता येईल असं पॅकेज करायचं. संध्याकाळपर्यंत ते झालं तर नोकरी, नाही तर पुन्हा अर्ज करत बसा.

उलगडलेला कोड बिल्ड फोल्डरमध्ये पडतो. तिथल्या एका ओळीत तिला चूक सापडली. सुधारली, सेव्ह केली, पॅकेज बांधणारं टूल चालवलं. तीच चूक परत. उघडून पाहते तर ओळ जुनीच. दुपारपर्यंत तिनं ती ओळ इतक्यांदा सुधारली, की कीबोर्डवरची अक्षरं पुसून बोटांवर आली.

मग चोराचा शोध सुरू झाला, आणि घरात रिकामा मी एकटाच.

"तुमी हात लावला काय कॉम्प्युटरले?"

मी म्हटलं, त्या टेबलाजवळून मी श्वाससुद्धा वळसा घालून घेतो. अंगणात शिजलेली हळद पसरणारी माय तिथूनच बोलली, "लहानपनी यानं चालतं घड्याळ खोललं होतं."

"माय, तू कोनाच्या बाजूनं हायेस?"

"हळदीच्या."

शेवटी बायकोनं मला समोर खुर्चीत बसवलं, दोन्ही हात मांडीवर, आणि टूल चालवलं. ओळ पुन्हा जुनी झाली. तेव्हा कुठं तिनं पडद्यावर धावलेला मजकूर वर सरकवून अगदी पहिल्या ओळीपासून वाचला. टूलचं पहिलं काम, जुनं बिल्ड फोल्डर पुसणं. मग मूळ फाइल नव्यानं उलगडायची, उलगडलेल्या फोल्डरात शिरायचं, आणि पुढचं सगळं. नवी हळद ओतण्याआधी माय अंगण झाडते, तसंच. खाली काय पडलंय ते खराटा विचारत नाही.

"इथं लिहिलेलं राह्यतच नाही," ती म्हणाली. "दुरुस्ती बाहेरच ठेवा लागते."

तिनं दुरुस्तीची वेगळी फाइल केली, मूळ फाइलीशेजारी ठेवली, आणि उलगडून झाल्यावर ती लावायची असं टूलच्या सूचनांत लिहिलं. पॅकेज झालं. ऊन उतरायच्या आत गेलं, आणि दिवे लागायच्या सुमारास होकार आला.

मी अजून खुर्चीतच होतो. माफीची वाट पाहत.

"उठा आता," ती म्हणाली. "आन् त्या घड्याळाचं काय झालं ते सांगा."

मी सांगितलं, जोडल्यावर मूठभर स्क्रू उरले, पण तेव्हापासून ते आधीपेक्षा नीट चालतं. अंगणातून मायनं ते ऐकलं. तिनं खराटा उचलला.